दाता, बालक आणि मायबाप : जालना जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर आणि फरशांवर जे शेकडो दानलेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धन येथील दात्यांचीही नावे आढळतात. हे भोगवर्धन म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन होय, असे अभ्यासक मानतात. १९७३ च्या सुमारास तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे विपुल अवशेष मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतील माणसे शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपासाठी दान देत होती, ही आपणां सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. या दानलेखांचा एक विशेष मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. सांचीचा दाता आपले नाव व गाव तर सांगतोच, पण पुष्कळदा आपले नातेही सांगतो. कोणी अमक्याची पत्नी असते, कोणी अमक्या भिक्षूचा अंतेवासी असतो, आणि आपल्या मुलाच्या नावापुढे केवळ 'आई' एवढीच ओळख ठेवून गेलेल्या स्त्रियाही तेथे आहेत. दानाच्या नोंदीत आईला जागा होती.

आज त्याच जिल्ह्यात दानाचा ओघ बाहेरून आत येतो. गरीब घरातील मुलाच्या शाळेचा, वह्या-पुस्तकांचा, वसतिगृहाचा खर्च कोणी परगावचा किंवा परदेशचा दाता उचलतो. संस्था त्याला मुलाचे छायाचित्र पाठविते, वर्षाकाठी गुणपत्रक पाठविते, मुलाकडून आभाराचे पत्र लिहवून घेते. दाता आणि बालक यांच्यामध्ये असा पत्रव्यवहार सुरू होतो. या सर्व व्यवहारात बालकाचे आईबाप कोठे असतात, त्यांना काय सांगितले जाते, आणि त्यांचे म्हणणे कोण ऐकतो, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पालि वाङ्मय, जालन्याचा इतिहास आणि बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या तिन्हींच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

शुद्धोदनाची विनंती

विनयपिटकातील महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येची कथा आली आहे. भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले असता राहुलमातेने मुलाला त्यांच्याकडे पाठविले आणि पित्याजवळ आपला वारसा मागण्यास सांगितले. राहुल भगवंतांच्या मागोमाग चालत राहिला आणि वारसा मागू लागला. भगवंतांनी सारिपुत्ताला त्यास प्रव्रज्या देण्यास सांगितले. हे कळताच शुद्धोदन आला. सिद्धार्थ गेला तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हाही झाले, आणि राहुल गेला तेव्हा ते सर्वाधिक झाले, असे त्याने सांगितले. पुत्रप्रेम कातडी भेदते, मांस भेदते, हाडे भेदून मज्जेपर्यंत जाते, अशा आशयाचे त्याचे शब्द पालीत नोंदविले गेले आहेत. त्याची मागणी एकच होती : आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ती मान्य केली आणि तसा नियम केला. तो मोडणाऱ्या भिक्षूला दुक्कट नावाचा दोष लागतो.

हा नियम कोणत्या परिस्थितीत झाला, ते पाहण्यासारखे आहे. मुलाला नेणारे हात साक्षात तथागतांचे होते. मुलाच्या हिताविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. तरीही आजोबाच्या दुःखाची दखल घेऊन संघावर बंधन घातले गेले. देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, मुलाच्या घरी विचारलेच पाहिजे, हे तत्त्व त्या दिवशी संघाच्या कायद्यात आले.

अनुमती घेतली म्हणजे कर्तव्य संपले काय? याचे उत्तरही महावग्गातच आहे. राजगृहात उपालि नावाच्या मुलाचे आईबाप विचार करीत होते की, आपल्या माघारी मुलाचे कसे होईल? लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणना शिकला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकला तर डोळे दुखतील. मग त्यांना सुचले की, श्रमण सुखाने खातात-पितात आणि वाऱ्यापासून सुरक्षित जागी निजतात. तेव्हा मुलाला संघातच पाठवावे. उपालि आणि त्याचे सोबती मिळून सतरा मुले अशी आईबापांच्या परवानगीने संघात आली. पहाट होण्यापूर्वीच ती उठून यागू मागू लागली, भात मागू लागली आणि रडू लागली. भगवंतांनी मुलांचा तो आवाज ऐकून आनंदाला विचारले. त्यानंतर वीस वर्षांच्या आतील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम झाला. एवढ्या लहान वयात थंडी, ऊन, भूक, तहान आणि कठोर बोलणे सहन होत नाही, असे त्याचे कारण सांगितले गेले.

येथे आईबापांनी संमती दिली होती. ती अपुऱ्या माहितीवर दिली होती. संघातील दिनचर्या कशी असते, एकदाच जेवावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते. भगवंतांनी मात्र आईबापांना दोष दिला नाही. मुलाचे वय आणि सोसण्याची शक्ती पाहण्याची जबाबदारी त्यांनी घेणाऱ्यावर, म्हणजे संघावर टाकली. आजच्या संस्थाचालकांनी हा भेद नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. अर्जावर अंगठा उमटला म्हणजे पालकाने सर्व जाणून होकार दिला, असे होत नाही.

तिसरी कथा मज्झिमनिकायातील रट्ठपालाची. कुरुदेशातील थुल्लकोट्ठित येथील हा एकुलता एक मुलगा. आईबापांनी नकार दिला, तेव्हा त्याने अन्न सोडले. शेवटी मित्रांनी मध्यस्थी केली आणि आईबापांनी एका अटीवर अनुमती दिली : प्रव्रजित झाल्यावर त्याने त्यांना भेटावयास आले पाहिजे. पुढे बऱ्याच काळाने रट्ठपाल घरी आला, तेव्हा दारात बसलेल्या बापाने त्याला ओळखले नाही. उलट श्रमणांना शिव्या दिल्या. घरातील दासी शिळी लापशी टाकून देण्यास बाहेर आली होती. तिने हात, पाय आणि आवाज यांवरून धन्याच्या मुलाला ओळखले. दूर गेलेला मुलगा आणि घरी राहिलेले आईबाप यांच्यात काय होते, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल. भेटीची अट आईबापांनी स्वतः घातली होती, आणि ती बरोबर होती.

ज्यांना आईबापच उरले नाहीत, त्यांचाही विचार विनयात आहे. आनंदाच्या उपस्थाकांचे एक कुटुंब साथीच्या रोगाने मेले; दोन लहान मुले उरली. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम असल्याने आनंद चिंतेत पडला. तेव्हा कावळे हाकण्याइतपत मोठी असलेली मुले घ्यावीत, अशी सवलत देण्यात आली. अनाथांचा सांभाळ आणि सनाथ मुलांची शिक्षणव्यवस्था हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि विनयाने ते निराळेच ठेवले. आजच्या पुष्कळ योजनांत मात्र आईबाप जिवंत असलेल्या मुलालाही अनाथासारखे वागविले जाते.

श्रीपाद आणि नारायण शेषाद्री

आता आपण जालन्याकडे येऊ. या जिल्ह्यात बाहेरच्या दानावर चालणाऱ्या शिक्षणाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकात झाला, आणि त्या प्रारंभाच्या मुळाशी आईबाप विरुद्ध शाळा असा एक गाजलेला खटला आहे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडिलांनी मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात दाद मागितली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अल्पवयीन आहे म्हणून त्याला पित्याच्या हवाली करण्याचा आदेश दिला. श्रीपादाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि त्यावरून ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले. शाळा, धर्म, जात आणि पित्याचा अधिकार हे सारे त्या एका मुलाच्या अंगावर येऊन आदळले.

मोठा भाऊ नारायण पुढे धर्मोपदेशक झाला आणि १८६० च्या दशकापासून त्याने जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसविली. तेथे आलेले लोक प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील होते. निधी आणि सहानुभूती मिळविण्यासाठी नारायण शेषाद्री परदेशांत फिरले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते उपस्थित होते. स्कॉटलंड आणि अमेरिकेतील दात्यांच्या पैशांतून जालन्याजवळच्या अस्पृश्य मुलांना अक्षरओळख व्हावी, अशी व्यवस्था या मार्गाने झाली. ज्या काळी गावच्या शाळेची पायरीही आपल्या पूर्वजांना बंद होती, त्या काळातील हे काम होते. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

बेथेलची रचना आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. ती कुटुंबांची वस्ती होती. मुलाला उचलून दूरच्या वसतिगृहात नेण्याऐवजी आईबाप, मुले, शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर एकाच ठिकाणी आणले गेले. धर्मांतराची अट तेथे होतीच, आणि तिच्याशी आपला मतभेद राहील. परंतु ज्या माणसाच्या धाकट्या भावाला न्यायालयाच्या आदेशाने परत जावे लागले, त्याने उभारलेल्या वस्तीत मूल आणि मायबाप यांची ताटातूट नव्हती, एवढे तरी इतिहास दाखवितो.

अन्यत्र याहून वेगळे घडले. श्रीलंकेतील जाफना येथे अमेरिकन मिशनने १८१६ पासून काम सुरू केले. तेथील वसतिगृहांतील मुलांसाठी अमेरिकेतील दाते वार्षिक रक्कम पाठवीत, आणि त्या मोबदल्यात मुलाला दात्याच्या पसंतीचे नाव दिले जाई. तमिळ आईबापांची मुले परक्या नावांनी ओळखली जाऊ लागली. नाव ठेवणे हा आईबापांचा पहिला हक्क. आपल्या समाजाला नावाचे मोल वेगळे सांगावयास नको. आपल्या आज्या-पणज्यांची नावे तुच्छतेने विकृत केली गेली, आणि १९५६ नंतर आईबापांनी मुलांची नावे राहुल, आनंद, गौतमी, सुजाता अशी ठेवली, तेव्हा त्यांनी एक हक्क परत मिळविला होता.

विसाव्या शतकात या पद्धतीला एक नवे नाव मिळाले. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात सापडलेल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस यांनी संस्था काढली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'पालक-मातापित्यांची योजना' असा होत होता. संस्थेच्या परंपरेत असे सांगतात की, एका लहान मुलाजवळ त्याच्या बापाने लिहिलेली चिठ्ठी सापडली. शहर पडले की आपण मारले जाऊ, तेव्हा ज्याला हा मुलगा सापडेल त्याने त्याचा सांभाळ करावा, अशी त्या बापाची विनवणी होती. म्हणजे या साऱ्या पद्धतीच्या उगमाशी बापाचा निरोप आहे. पुढे मात्र निरोपाची दिशा बदलली आणि पत्रे मुलगा व दाता यांच्यातच फिरू लागली. त्या संस्थेनेही कालांतराने आपल्या नावातील 'पालक-मातापिता' हे शब्द गाळले.

महाराष्ट्र शासनाने १९८० च्या दशकात गरीब मुलींच्या शिक्षणासाठी जी योजना सुरू केली, तिचे नाव 'सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना' असे होते. हेतू उत्तम होता. तरी 'दत्तक पालक' या शब्दाकडे थांबून पाहावे. दत्तक घेतले जाते ते मूल. येथे पैसे देणारा स्वतःच पालक म्हणवितो. मग ज्या आईने शेतमजुरी करून मुलीला शाळेच्या दारापर्यंत आणले, तिला काय म्हणावयाचे? आम्हांस 'शिक्षण-मित्र' किंवा साधा 'दाता' हा शब्द अधिक उचित वाटतो. मित्राला मित्राचे आईबाप परके नसतात.

दंड, भत्ता आणि आईबापांचे काम

गरीब आईबापांना शिक्षणाची आवड नसते, असा समज सुशिक्षितांमध्ये फार जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या समजाचे उत्तर आहे. शेतकरी आणि गरीब वर्गांची मुले गुरे राखण्यासाठी व शेतकामासाठी सतत लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत, असे त्यांनी मांडले. आणि उपाय म्हणून शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे सुचविली. घरातील श्रमाचा हिशेब त्यांना ठाऊक होता.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. १९९२ पासून महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी दररोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. एका रुपयाने पालकाला धाक घातला, दुसऱ्या रुपयाने त्याला प्रोत्साहन दिले. दोहोंतही शासनाने पालकाची दखल घेतली, हे मान्य केले पाहिजे. परंतु धाक आणि भत्ता यांपलीकडे संवादाचे एक क्षेत्र आहे, आणि ते कायद्याने वा पैशाने आपोआप भरून निघत नाही.

रामजी सुभेदार आणि दादा केळुसकर

संवादाचा आदर्श पाहावयाचा असेल, तर तो बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. बाबासाहेब हे दात्याच्या मदतीने शिकलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट आपण विसरतो. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली अमेरिकेस पाठविले. पण दाता येण्यापूर्वी बाप होता. मुलीचे दागिने मागून आणून, ते गहाण टाकून रामजी सुभेदार भीमरावासाठी पुस्तके आणीत, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे.

दाता आणि बाप यांच्यामध्ये जो दुवा होता, तो कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचा. बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात एक प्रसंग सांगितला आहे. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून समाजातील लोकांना सभा घेऊन त्याचे अभिनंदन करावयाचे होते. रामजींनी साफ नकार दिला. अशाने मुलगा गर्विष्ठ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळी निराश झाली, पण गप्प बसली नाही. ती रामजींचे स्नेही असलेल्या दादा केळुसकरांकडे गेली. केळुसकरांनी रामजींची समजूत घातली, काही वाद झाला, आणि मग रामजी तयार झाले. त्याच सभेत केळुसकरांनी भीमरावाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीरावांकडे त्याला घेऊन जाणारेही केळुसकरच.

धम्मक्रांतीच्या इतिहासात या भेटीचे महत्त्व आपण जाणतो. तिच्या अगोदर एका बापाचा नकार होता, त्या नकाराचा मान राखला गेला, त्याच्याशी बोलून त्याचे मन वळविले गेले, हेही आपण जाणले पाहिजे. मंडळींनी रामजींना डावलून सभा भरविली असती, तर ती सभा झाली असती. पण मुलाच्या घरात दुरावा आला असता. केळुसकर हे मुलाचे हितचिंतक होते, तसेच बापाचे मित्र होते. आपल्या संस्थांत दात्याशी बोलणारे कार्यकर्ते पुष्कळ असतात. बापाशी मैत्री असलेला केळुसकर किती ठिकाणी सापडतो?

रामजींचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि तेथून ऑगस्ट महिन्यात त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आपण पूर्णपणे टाकून दिली पाहिजे, आईबाप मुलांचे भवितव्य घडवू शकतात, असा त्या पत्राचा आशय आहे. मुलांबरोबर मुलींचेही शिक्षण झाले तर आपली प्रगती वेगाने होईल, असेही त्यांनी त्यात म्हटले आहे. शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने मायदेशी लिहिलेल्या या पत्राचा विषय आईबापांची जबाबदारी आणि त्यांचे सामर्थ्य हा आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मराठवाडा हा निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. १९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. या भागातील खेड्यांतून नागसेनवनात आलेल्या पिढीच्या घरी बहुधा कोणालाच पत्र वाचता येत नव्हते. तरीही त्या आईबापांनी मुलाला पाठविले. १९५६ नंतर तर त्यांच्यावर आणखी एक कसोटी आली. शाळेच्या दाखल्यावर धर्म 'बौद्ध' लिहिला की अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या सवलती जात. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात ज्या बापाने शाळेत जाऊन मुलाचा धर्म 'बौद्ध' असा सांगितला, त्याने त्या एका शब्दाची किंमत जाणून तो सांगितला. अशा माणसांच्या वारसांना कोणी अडाणी पालक समजून बैठकीत मागच्या रांगेत बसवू नये.

उचल घेण्यापूर्वी

आता वर्तमानाकडे. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून मोठ्या संख्येने कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी निघते आणि कुटुंब पाच-सहा महिन्यांनी परतते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी बरोबर जाते आणि तिची शाळा तेथेच सुटते. अशा मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावांत हंगामी वसतिगृहे निघाली. ही कामे मोलाची आहेत.

परंतु दात्याच्या पैशाने शिकणारी मुलगी दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी झाली, म्हणजे संस्थेच्या कागदावर 'पालकांची उदासीनता' असा शेरा पडतो. हा शेरा लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : या आईबापांशी कोणी, केव्हा बोलले होते? सप्टेंबर उलटल्यावर घेतलेली पालकसभा व्यर्थ असते, कारण उचल तोवर घेऊन झालेली असते आणि तिचा काही भाग घरात खर्चही झालेला असतो. मजुरीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोलाविलेली सभाही तशीच. जो बाप येतो त्याची दिवसाची मजुरी बुडते. जो येत नाही त्याला बेफिकीर ठरविले जाते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद केली. शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगावी, हेही शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. मात्र समितीची ही तरतूद खासगी विनाअनुदानित शाळांना लागू नाही. देणगीवर चालणाऱ्या पुष्कळ शाळा याच वर्गात मोडतात. म्हणजे तेथे पालकाला स्थान द्यावे की नाही, हे सर्वस्वी विश्वस्तांच्या विवेकावर राहते. ज्या संस्था बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे नाव घेतात, त्यांचा विवेक कायद्याची वाट पाहणार नाही, अशी आमची अपेक्षा आहे.

त्यासाठी आपल्या परंपरेतच सोय आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. रात्रीची जेवणे उरकून उपासक-उपासिका एकत्र बसतात. ऊसतोडीची कुटुंबेही त्या काळात बहुधा गावातच असतात. पालकांशी बोलण्यास याहून योग्य वेळ आणि जागा कोणती? वर्षावासाच्या पहिल्या महिन्यातच शाळेच्या लोकांनी विहारात यावे, योजनेच्या अटी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, मदत किती, कोणाकडून आणि किती वर्षे हे सांगावे, आणि थोरल्या मुलीला मागे ठेवण्यात घराची अडचण काय आहे ते ऐकावे. उचलीचा निर्णय होण्यापूर्वी झालेले हे बोलणे दिवाळीनंतरच्या दहा नोटिसांपेक्षा उपयोगी पडेल.

दात्याला जाणाऱ्या वार्षिक पत्रात चार ओळी आईच्या असाव्यात. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगाव्या आणि मुलीने लिहाव्या. दात्याचे उत्तर आले की ते घरी वाचून दाखवावे. वसतिगृहातील मुलाला ठराविक काळाने घरी पाठवावे आणि कारखान्यावर असलेल्या आईबापांशी दूरध्वनीवर बोलू द्यावे. रट्ठपालाच्या आईबापांनी घातलेली अट आपण सर्वांसाठी मान्य करावी. मुलाचे छायाचित्र परगावी पाठविताना घरच्यांना विचारावे, आणि एक प्रत त्यांनाही द्यावी.

वर्षावासाच्या शेवटी पवारणा असते. आपल्या वागण्यात जे दोष दिसले, ऐकले वा ज्यांची शंका आली, ते सांगा, अशी विनंती भिक्षू एकमेकांना करतात. थेरही नवख्यांना ती करतात. आपल्या शिक्षणसंस्थांनी मुकादमाची गाडी निघण्यापूर्वी एक दिवस ठरवून पालकांना अशीच विनंती करावी, असे आम्ही सुचवितो. त्या दिवशी संस्थाचालकांनी भाषण करू नये. आईबापांनी बोलावे, संस्थेने ते लिहून घ्यावे, आणि पुढच्या आषाढात त्यांतील काय केले व काय राहिले, ते त्याच विहारात वाचून दाखवावे.